वाडी धरून की वाडी सोडून

माझ्या अंगी एकच गुण होता आणि तो आमच्या घरात कुणालाही आवडत नव्हता. मला गावातल्या सगळ्यांचं सगळं माहीत असायचं. कोणाकडे कोण आलंय, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाची सून रुसून दिघीला माहेरी गेलीय आणि तिला आणायला नवरा जाणार की सासरा, कोण बांधावरून कोर्टात गेलाय आणि कोण अजून नुसत्याच धमक्या देतोय, हे सगळं मला कळायचं. त्यासाठी मी खास काही करायची नाही. गिरणीवर दळण दळून झालं तरी माझं पीठ निवायचं बाकी असायचं, आणि एसटीच्या थांब्यावर मी नेहमी गाडीच्या अर्धा तास आधी जाऊन बसायची. आई म्हणायची, हिचे कान एक दिवस कापूनच ठेवते. बाबा मुरूडला तहसील कचेरीत शिपाई होते आणि सरकारी गुपितं पोटात ठेवणारा माणूस म्हणून त्यांना माझी लाज वाटायची. ती गुपितं म्हणजे साहेब किती वाजता आले आणि किती वाजता गेले, एवढीच. पण बाबांनी ती निवृत्त होईपर्यंत फोडली नाहीत.

आता मला बचत गटांच्या मेळाव्यांना बोलावतात. किहीमला माझा केटरिंगचा व्यवसाय आहे, हाताखाली चौदा बायका आहेत, नारळाच्या वाड्यांमधल्या ज्या कॉटेजेसमध्ये मुंबईची लग्नं लागतात तिथलं जेवण बहुतेक माझं असतं. मेळाव्याचा विषय ठरलेला असतो: आपलं बलस्थान ओळखा आणि त्यातून उद्योग उभारा. शाल आणि नारळ देतात, मागे पडद्यावर उगवत्या सूर्याचं चित्र असतं. मी माइकवर सांगते की कष्ट, चिकाटी आणि कुटुंबाची साथ. बायका टाळ्या वाजवतात. खरं सांगायचं तर माझं बलस्थान चोंबडेपणा होतं, पण हे सांगितलं तर पुढच्या वेळी शाल मिळणार नाही.

आमचं घर वाडीच्या तोंडाशी. आगरदांड्याकडून येणाऱ्या रस्त्यावर ओढ्याची एक छोटी मोरी आहे; मोरीच्या अलीकडे गाव आणि पलीकडे आमची बौद्धवाडी, सव्वीस घरं, एक विहीर आणि एक विहार. सकाळी सहाची एसटी मोरीवर हॉर्न देत उभी राहायची, कारण बाबा रोज अर्धी भाकरी हातात घेऊन मागून पळत यायचे आणि कंडक्टरला ते ठाऊक होतं. दहाला गिरणी सुरू व्हायची. वारा खाडीकडून असला तर फेरीबोटीचा भोंगा आमच्या ओट्यावर ऐकू यायचा आणि तो ऐकला की आई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, दुपारी भात, रात्री भात. वालाचं बिरडं झालं तर तो सणच. आई तांदूळ मापाने कधी घ्यायची नाही. दारातून एकदा बाहेर नजर टाकायची, कोण घरात आहे, कोण येण्यासारखं आहे, कोण दुसरीकडे खाऊन येणार, आणि मग तिचा हात चालायचा. जेवणं आटोपली की टोपाचा तळ स्वच्छ दिसायचा आणि कुणी अर्धपोटी उठलेलं नसायचं. हात तिचा आणि कान माझे, एवढ्यावर पुढचा सगळा खेळ झाला.

आमच्या भागात लग्नाचं आमंत्रण दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक म्हटलं की घरातला एकच माणूस जेवायला जातो. चूलबंद म्हटलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. मोठी माणसं गावाला चूलबंद आमंत्रण देतात आणि मग आठ दिवस भाताच्या काळजीने झोपत नाहीत, कारण चूलबंद म्हणजे किती माणसं हे कुणालाच सांगता येत नाही. वाडीलाही चूलबंद असायचं. आम्ही जुनी गावकीची कामं कधीच सोडली होती, आजोबांच्या काळात दीक्षा घेतली तेव्हाच. पण लग्नाचं जेवण मात्र कुणी सोडलं नव्हतं. बुंदीपुढे क्रांतीला थोडं थांबावं लागतं. पहिल्या पंगतीला पाहुणे, त्यातही दिघीकडचे आधी, कारण त्यांना शेवटची फेरी गाठायची असायची. दुसऱ्या पंगतीला गाव. तिसरी पंगत आमची, मांडवाच्या बाहेर आंब्याखाली. याला कुणी वाईट नाव द्यायचं नाही. लग्नघरचे लोक हात जोडून सांगायचे, तुम्ही काय घरचेच, पाहुण्यांचं उरकू दे. इतकी वर्षं आम्ही घरचे होतो की एकदा तरी परकं व्हावं असं वाटायचं.

तर भात कमी पडला की तो कोणाला कमी पडतो, हे मला फार लवकर कळलं. सात-आठ वर्षांची असेन. आंब्याखाली पत्रावळी मांडल्या, मीठ वाढलं, लोणचं वाढलं, बटाट्याची भाजी वाढली, आणि भात येईना. आतून एक बाई येऊन सांगून गेली की परत टाकलाय, होईल आता. आम्ही मीठ चाटत बसलो. बऱ्याच वेळाने वरणाचं पाणी आलं आणि बुंदीचा चुरा आला. परत टाकलेला भात शेवटपर्यंत आलाच नाही, कारण तो टाकलाच नव्हता. घरी आल्यावर आईने चूल पेटवली. त्या दिवसापासून मी लग्नाच्या मांडवात माणसं मोजायला लागले, आणि नुसती मोजून भागत नाही हेही मला समजलं. न येणारी माणसं मोजता आली पाहिजेत. भाऊबंदकीत कोण रुसलंय, कोणाला सुतक आहे, कोणाची मुंबईची मंडळी येताना शेजाऱ्यांना घेऊन येतात, कोणाची पोरं घरून खाऊन येतात आणि कोणाची दोन दिवस उपाशी असल्यासारखी जेवतात, हे ज्याला माहीत त्याचाच अंदाज बरोबर येतो. म्हणजे माझाच.

वाडीत जयंतीचं जेवण असायचं, त्याचा हिशेब सखाराम गुरुजी बघायचे. गुरुजी आमच्या वाडीतले पहिले शिक्षक, गावच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. गावातल्या निम्म्या लोकांचं अक्षर त्यांनी वळवलेलं. एका जयंतीला त्यांनी गमतीने मला विचारलं की किती टाकू, आणि मी सांगितला तेवढा टाकला. टोपात एक डावभर उरला. पुढच्या वर्षीही तेच. ही बातमी मोरी ओलांडून गावात गेली, आणि थोड्याच दिवसांत नामाभाऊ आले.

नामाभाऊ म्हणजे गावकीचे अध्यक्ष. त्यांच्या शब्दाशिवाय गावात पालखी उठत नसे आणि भांडण मिटत नसे. त्यांच्या मोठ्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्यांच्या भावाकडे मागच्याच वर्षी व्याह्यांसमोर भात कमी पडून शोभा झाली होती. ते मोरीवर येऊन उभे राहिले. बाबांनी पळत जाऊन खुर्ची नेली. आईने चहाचं विचारलं, तर ते म्हणाले की आत्ताच घेतला. गावातल्या कुठल्याही माणसाने आमच्याकडे यायच्या आधी चहा आत्ताच घेतलेला असायचा. एवढा चहा पिणारं गाव दुसरं नसेल. त्यांनी मला आमंत्रितांची यादी वाचून दाखवली, मी दोन दिवसांनी आकडा सांगितला, आणि लग्नात तिन्ही पंगती पोटभर जेवून एक लहान टोप उरला. नामाभाऊंनी एक नारळ आणि ब्लाउजपीस पाठवलं. माझ्या हातचं पाणी ते प्यायले नसते, पण माझ्या तोंडचा आकडा त्यांनी घेतला. आकडा विटाळत नाही, हा शोध मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लागला.

मग रांगच लागली. लग्न, बारसं, बाराव्याचं जेवण, सत्यनारायण, काहीही असो, मोरीवर खुर्ची जायची, चहा आत्ताच घेतलेला असायचा आणि मी आकडा सांगायची. नारळ इतके जमले की आई सगळ्या कालवणांत खोबरं घालायला लागली. मला मात्र सगळ्यात गोड एकच गोष्ट वाटायची. आंब्याखालच्या पंगतीला आता भात कमी पडत नव्हता.

याच सुमारास माझा मोठा भाऊ विलास, म्हणजे दादा, अलिबागला सात दिवसांचं स्वयंरोजगाराचं शिबिर करून आला. येताना एक फाइल, एक पेन आणि एक सिद्धांत घेऊन आला. सिद्धांत असा की प्रत्येकाच्या अंगात एक गुण असतो, तो ओळखायचा आणि त्याचा धंदा करायचा. त्याने ओट्यावर सगळ्यांना बसवलं आणि कागदावर नावं लिहून समोर गुण लिहिले. बाबांच्या पुढे सरकारी ओळखी. स्वतःच्या पुढे नेतृत्व. माझ्या पुढे बराच विचार करून अक्षर बरं आहे. आईच्या पुढे सोशिकपणा. आईने विचारलं, याचा धंदा कसा करतात. दादा म्हणाला की बघायला लागेल. आई म्हणाली, “नको बघू. तो चालूच हाय.” आणि भांडी घासायला उठली. दादाने ते उत्तर कागदावर उतरवून घेतलं नाही, पण माझ्या मते शिबिरातल्या सात दिवसांपेक्षा त्यात जास्त होतं.

नारळांचा ढीग बघितल्यावर दादाच्या डोक्यात प्रकाश पडला. आठ दिवसांत आमच्या ओट्यावर पत्र्याचा बोर्ड लागला: विलास भोजन सल्ला केंद्र, प्रोप्रायटर विलास. माझं, शालूचं, नाव त्या बोर्डावर कुठेच नव्हतं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला की तू उत्पादन विभाग आहेस, उत्पादन विभागाचं नाव बोर्डावर लिहीत नाहीत. तो मोरीवर माझ्या आधी जायचा, वही उघडायचा, गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारून मान हलवायचा, आणि मग मला हाक मारायचा. आजही माझ्याकडे इव्हेंट कंपन्यांची जी मुलं येतात त्यांना बघून मला दादा आठवतो. त्यांच्या मोबाइलमध्ये पाहुण्यांची यादी असते, कोण येणार त्याच्यापुढे हिरवी खूण, कोण नाही त्याच्यापुढे लाल. मी नवऱ्या मुलीच्या आईजवळ पाच मिनिटं बसते, घटस्फोट कोणाचे झालेत ते काढून घेते आणि हिरव्या खुणांतली तीस माणसं कमी करते. मुलं हसतात. रात्री भात उरत नाही तेव्हा ती विचारतात की मॅडम तुम्ही कोणतं ॲप वापरता.

धंदा दोनेक वर्षं छान चालला आणि मग एका लग्नात गुरुजींना पानावरून उठवलं. लग्न गावातल्याच एका घरचं. दुसरी पंगत बसत होती, कडेला एक जागा रिकामी होती, गुरुजींचे गुडघे दुखत होते आणि लग्नघरच्याच एका पोराने त्यांना हाताला धरून तिथे बसवलं. भात वाढला, वरण वाढलं, गुरुजींनी कालवलं सुद्धा. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे काका आले आणि अगदी नम्रपणे वाकून म्हणाले की गुरुजी, पाहुण्यांची जरा अडचण होतेय, तुम्ही काय घरचेच. त्या पंगतीत बसलेल्या बहुतेकांना गुरुजींनी शिकवलेलं होतं. सगळे आपापल्या पानाकडे बघत राहिले. गुरुजी कालवलेला भात तसाच ठेवून उठले, हात धुतला आणि चालत घरी आले. मी आंब्याखालून हे सगळं बघितलं. मला त्याचा आजही राग येतो आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

पुढच्या रविवारी दुपारी विहारात सगळी वाडी जमली. मुंबईहूनही पंधरा-वीस जण आले. भाषणं झाली, दोन वेळा झाली, आणि शेवटी गुरुजी उठले. त्यांनी सांगितलेला बेत साधा होता. महिन्याने नामाभाऊंच्या धाकट्या मुलीचं लग्न आहे, आणि गावकी म्हणजे नामाभाऊ. वाडीला चूलबंद आमंत्रण येईल. ते हसत घ्यायचं आणि जायचं नाही. एकानेही नाही. कुणाला आधी कळू द्यायचं नाही. आमच्या वाटणीचा भात मांडवात तसाच उरू दे, त्याची रास व्याह्यांना दिसू दे, तालुक्याला दिसू दे. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण आकडा मी सांगणार होते. गुरुजी म्हणाले, “नेहमीसारखाच सांग. वाडी धरून.” मी मान हलवली.

घरी येऊन मी हिशेब केला. वाडी धरून साडेसहाशे, वाडी सोडून पाचशे वीस. मला कळत होतं काय करायचं ते. पण मला ते जमेना. मोठी सत्यवादी वगैरे मी नव्हते. गिरणीवर मी पाच मिनिटांत चार थापा मारायची. पण आकडा चुकवणं मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट उभी राहिली होती जी बाबांची नव्हती, दादाची नव्हती आणि बोर्डावर लिहिलेली नसली तरी माझी होती. ती एकदा चुकली की शालूचा आकडा चुकला असं सगळा तालुका म्हणणार होता, आणि का चुकला हे सांगायची मला सोय नव्हती. शिवाय दुसरी एक गोष्ट मला खुपत होती. रास दिसावी म्हणून आम्ही गप्प बसायचं, हसत आमंत्रण घ्यायचं, हे मला पटत नव्हतं. येणार नाही तर तोंडावर सांगावं. हे मी विहारात बोलले नव्हते, कारण विहारात पुरुष बोलत होते.

नामाभाऊ मोरीवर आले, खुर्ची आली, चहा त्यांनी आत्ताच घेतला होता. दादाने वही उघडली. मी सांगितलं, पाचशे वीस. नामाभाऊंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले की पोरी, कमी वाटतंय.

“वाडी धरली न्हाय,” मी म्हटलं.

“का?”

“येणार न्हाय. गुरुजींना पानावरून उठवल्यापासून वाडी तुमच्या मांडवात जेवणार न्हाय.”

दादाचं पेन खाली पडलं. नामाभाऊंनी ओढ्याकडे तोंड फिरवलं. मग हसले. “येतील. चूलबंद आवतान सोडून कोण घरी बसतंय. आणि मी पाचशे वीसचाच टाकला आन तुमची मंडळी आली, तर माझी अब्रू काय ऱ्हायची?” इतकी वर्षं आम्हाला भात कमी पडत होता तेव्हा कुणाचीच अब्रू गेली नव्हती, ती त्या दिवशी पहिल्यांदा अडचणीत आलेली मी बघितली. मी सांगितलं की साडेसहाशेंचा टाकलात तर एकशेतीस माणसांचा उरेल, एवढंच माझं काम. ते उठले आणि खुर्ची तशीच ठेवून गेले.

त्याच संध्याकाळी त्यांची दोन माणसं वाडीत घरोघर फिरली. चूलबंद हां, सगळ्यांनी यायचं, म्हाताऱ्यांना पण आणायचं, असं दोनदोनदा सांगत. वाडीला कळायला वेळ लागला नाही. विहिरीवर मी गेले की बायका रहाट ओढायच्या आणि बोलायच्या नाहीत. ज्या विहिरीवर कुणीच काही बोलत नाही तिथे उभं राहणं ही माझ्यासारखीला किती मोठी शिक्षा हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. गुरुजी आमच्या दारावरून खाली मान घालून जायचे. कुणीतरी म्हणालंच की एका नारळासाठी हिने वाडी विकली. बाबांनी ताप आल्याचं सांगून रजा टाकली, कारण नामाभाऊंची तहसीलदारांकडे ऊठबस होती आणि बाबांना आपली बदली खुर्चीसकट डोळ्यांपुढे दिसत होती. दादाने बोर्ड उतरवून पलंगाखाली सरकवला आणि मला म्हणाला की व्यवसायात ग्राहकाचं मन सांभाळायचं असतं, शिबिरात तिसऱ्या दिवशी शिकवलं होतं. आईने काहीच विचारलं नाही. एकदा भाकरी थापताना एवढंच म्हणाली की सांगितलंस ना, मग आता रडू नको.

लग्नाचा दिवस आला. लाउडस्पीकर सकाळपासून वाजत होता. पहिली पंगत उठली, दुसरी उठली, हे आम्हाला घोषणांवरून कळत होतं. मग वाडीच्या मंडळींनी चलावं, असं तीनदा माइकवर पुकारलं. मोरीवर कुणी आलं नाही. मग आमच्या वाडीतल्या सव्वीस घरांत चुली पेटल्या. चूलबंद आमंत्रणाच्या दिवशी चूल पेटवणं म्हणजे काय ते गावाला वेगळं सांगावं लागत नव्हतं, तरी काही बायकांनी मुद्दाम ओली लाकडं घातली. सगळी वाडी खोकत होती आणि धूर थेट मांडवाच्या डोक्यावरून खाडीकडे चालला होता. व्याह्यांनी विचारलं म्हणे की तिकडे आग लागलीय का. नामाभाऊंनी साडेसहाशेंचाच टाकला होता.

चारच्या सुमारास गावातले चार जण बांबूचे दोन मोठे हारे घेऊन मोरीवर आले. वर केळीची पानं, आत भात. लग्नाचं उरलेलं वाडीत पाठवायची जुनीच रीत होती. त्यात कुणाला काही वाटत नसे, आम्हालाही नाही. इतके दिवस उरलेलं म्हणजे चार घास असायचे, आज हारे भरून होते. आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते त्या हाऱ्यांचं नाही. वाडीतल्या पाचसहा बायका सवयीने टोप घेऊन बाहेर आल्या होत्या. दुपारभर धुरात डोळे चोळलेल्या बायका. त्यांच्या हातात टोप होते आणि त्यांना स्वतःलाच ते हातात कसे आले हे कळत नव्हतं. पुरुष आपापल्या ओट्यावर. गुरुजी विहाराच्या पायरीवर. भात पांढरा आणि मोकळा होता, वास येत होता, आणि भात परत पाठवणं आमच्याकडे कुणाला शिकवलेलं नसतं.

मी मोरीवर जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, “हा भात माझ्या आकड्यात न्हवता. परत न्या.”

त्यातला एक जण म्हणाला की आता ह्याचं करायचं काय, टाकून द्यायचा का. मागून दादा माझी बाही ओढत होता.

“नामाभाऊंना सांगा, किती उरणार ते मी आधीच सांगितलेलं हाय.”

मग त्यांनी हारे उचलले. ओझं येताना होतं तेवढंच होतं, पण जाताना ते दोनदा थांबून खांदा बदलताना दिसले. टोप घेऊन आलेल्या बायका गुपचूप घरात गेल्या. माझा धंदा त्या मोरीवर तिथल्या तिथे बुडाला. त्यानंतर गावातून मला कधी कुणी आकडा विचारला नाही, आणि पुढे कित्येक लग्नांत भात कमी पडला म्हणून माझ्या कानावर आलं. कान शाबूत होतेच.

केटरिंग कधी सुरू केलं असं लोक विचारतात तेव्हा मी परवान्यावरचं वर्ष सांगते. पण ते त्या दिवशी दिवेलागणीला सुरू झालं. आईने नेहमीसारखं दारातून एकदा बाहेर बघून तांदूळ घेतले होते आणि कुळथाचं पिठलं टाकलं होतं. आम्ही पानं घेणार तेवढ्यात गुरुजी ओट्यावर आले. महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाहीत. चप्पल काढली, आत आले आणि बाबांच्या शेजारी पाटावर बसले. आईने तिचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांच्या मागून त्यांची सून आली, पोरांना घेऊन. मग शेजारचे. मग विहिरीवर माझ्याशी न बोलणाऱ्या दोघी, एकीच्या हातात लोणच्याची बरणी. कुणी माफी मागितली नाही, कुणी शाबास म्हटलं नाही, जो तो ओट्यावर जागा करून बसत होता. टोपाचा तळ दिसला तेव्हा बाहेर अजून माणसं उभी होती. आईने मोठा टोप काढला, चुलीवर आधण ठेवलं, सूप माझ्यापुढे सरकवलं आणि जन्मात पहिल्यांदा मला विचारलं, “किती टाकू?”

मी दारातून बाहेर बघितलं. मला आकडा सांगता येईना.